मला उठवायचं होतंस, मंजू

सुधीरला फोन करून तू गेल्याचं सांगितलं, तर तो म्हणाला, "कुठल्या समुद्रात?"

तुझा मामेभाऊ तो. कोचीला राहतो, त्याच्याच बोटीतून आपण तिघांनी अर्धा हिंदी महासागर पार केला, त्यामुळे त्या बिचाऱ्याला दुसरं काही सुचलंच नाही. मी म्हटलं, "घरी. गुरुग्रामला. बाल्कनीत मटार सोलत होती."  तो म्हणाला, "श्री, असली थट्टा करू नकोस यार." मंजू, त्यालाच काय, मलाही अजून ती थट्टाच वाटते आहे. महिनासुद्धा झालेला नाही. येणारे-जाणारे सांगतात, हळूहळू खरं वाटायला लागेल. कसलं हळूहळू! रोज सकाळी उठलो की कालच्यापेक्षा जास्तच खोटं वाटतं.

अगं, काय म्हणायचं याला? लाटा डोक्यावरून जात होत्या तेव्हा तुला साधं पडसं झालं नाही. मी बादलीत डोकं घालून पडलेलो आणि तू सुकाणूपाशी उभी राहून शेंगदाणे खात होतीस. आणि रविवारच्या दुपारी, स्वतःच्या घरात, उन्हात, प्लास्टिकच्या खुर्चीत? हे शोभतं का तुला?

त्या रविवारचं सांगतो, कारण त्यातलं पुढचं तुला माहीत नाही. कितीतरी दिवसांनी धुकं फाटून ऊन पडलं होतं. तू भाजीवाल्याकडून ढीगभर मटार घेतले होतेस, सोलून फ्रीजरमध्ये टाकायचे म्हणून. पातेलं घेऊन बाहेर बसलीस आणि म्हणालीस, "श्री, ये ना जरा उन्हात. हात चालव." मी म्हटलं, आज रविवार आहे. "रिटायर माणसाला कसला आलाय रविवार!" असं तू म्हणालीस. मी रजईत शिरलो, ब्लोअर लावला, गरम हवा बाहेर जाऊ नये म्हणून बाल्कनीचं काचेचं दार सरकवून घेतलं, आणि सरकवता सरकवता म्हटलं, "चहाला उठव." झालं. आपलं शेवटचं बोलणं ते. इतक्या वर्षांचा संसार आणि शेवटचं वाक्य काय, तर चहाला उठव.

जाग आली तेव्हा खोलीत अंधारलं होतं. चहा नाही, तू नाही. मनात म्हटलं, शेजारी मिसेस भाटियांकडे गप्पा मारत बसली असशील. दार सरकवलं तर तू खुर्चीतच, डोकं भिंतीला टेकलेलं. मी चिडलो. हो, चिडलोच. "अगं, थंडी किती पडलीये, आत नाही का यायचं?" आतून शाल आणली, तुझ्या खांद्यावर घातली, पुढून नीट गुंडाळली. आणि गुंडाळताना तुझा हात लागला.

डॉक्टर म्हणाले, एका क्षणात झालं असेल, त्यांना कळलंसुद्धा नसेल. आपली सई बंगळूरुहून मिळेल त्या विमानाने आली आणि तिने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. येईल त्या माणसाला तेच सांगायची, "आईला कळलंच नाही, झोपेतच एक्सपायर झाली." मी खेकसलो तिच्यावर. एक्सपायर काय, औषधाची बाटली आहे का ती? पोरगी म्हणाली, "मग काय म्हणू बाबा? मला मराठी शब्द नाही आठवत. तू सांग."  वारली, गेली, निधन झालं. एकही तुला बसेना.

पण मी मटार बघितले होते. पातेलं तुझ्या मांडीवर नव्हतं, सांडलेलंही नव्हतं. बाजूच्या स्टुलावर नीट ठेवलेलं, कबुतरांनी तोंड घालू नये म्हणून वर झाकण. झाकणावर तुझा चष्मा, घडी घातलेला. ज्या माणसाला काही कळलंच नाही तो पातेल्यावर झाकण ठेवत नाही, मंजू. तुला बरं वाटत नव्हतं, तुला ते कळलं होतं, आणि तुझ्याकडे थोडा का होईना वेळ होता. मधे एक काचेचं दार आणि दाराच्या आत मी. तू मला उठवलं नाहीस. बोटीवर उठवलं नव्हतंस, तसंच इथेही नाही.

सई म्हणते, "बाबा, ते मटारचं डोक्यातून काढ." सगळ्यांना वाटतं मी धक्क्यात आहे म्हणून रडत नाही. अरे, रडू कसा? माझं भांडण चाललंय तुझ्याशी. आधी ते मिटू दे, मग रडतो.

बोटीचं भांडण ज्यांना माहीत नाही त्यांना ते हास्यास्पद वाटेल. आपल्याला तरी कुठे कुणी गंभीरपणे घेतलं होतं म्हणा. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात वाढलेली मुलगी, कॉलेजात एन.सी.सी.च्या नेव्हल विंगमध्ये गेली, ओखल्याला यमुनेच्या काळ्या पाण्यात शिडाची नाव चालवायला शिकली, आणि तेवढ्यावर सगळा जन्म समुद्र समुद्र करत राहिली. मानेसरच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात तुझी सगळी नोकरी सरली. कंपनीच्या बसमधून येताना म्हणे डोळे मिटून वारा कुठून येतोय ते ओळखायचीस. मी मिनिस्ट्रीतला माणूस. माझा पाण्याशी संबंध टँकर आला की नाही एवढाच.

आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सुधीरचा फोन आला, की बोट सेशेल्सपर्यंत न्यायची आहे, हात कमी पडतायत, येता का. तू माझ्यासमोर फोनवर "हो, दोघंही येतो" म्हणालीस. मी म्हटलं, मला विचारायचं तरी! तर म्हणालीस, "विचारणारच होते की." कधी? "हे काय, आता विचारतेय ना. येणार का?"

कोचीचा किनारा दिसेनासा झाला आणि मला बोट लागली. गाडी लागते त्याची ही थोरली बहीण. मी सुधीरला म्हटलं, "बाबा रे, गाडी वळव." तो अजूनही चार लोकांत ते सांगून हसतो. तू मात्र हसली नाहीस. माझ्या तोंडात आल्याचा तुकडा ठेवायचीस, बादली धुऊन आणायचीस, आणि म्हणायचीस, "क्षितिजाकडे बघ श्री, पायाकडे नको." मी म्हटलं, क्षितिजच वर-खाली होतंय, त्याला आधी सांग. पाचेक दिवस मी माणसात नव्हतो. धड झोप नाही, अन्न नाही. तेवढ्या दिवसांत सुकाणूवरची माझी पाळीसुद्धा तूच केलीस. मी उठलो तेव्हा तुझे ओठ मिठाने फुटले होते आणि तू मला विचारत होतीस, "पोहे खाशील?"

मग मी बोटीचा आचारी झालो. दुसरं येत काय होतं मला? शेगडी दोन खिळ्यांवर टांगलेली, बोट जिकडे कलेल त्याच्या उलट ती कलायची. कुकर पट्ट्याने बांधायचा, शिट्टी झाली की तिघांनाही घर आठवायचं. कांदे जाळीत टांगलेले, ते दिवसभर डुलायचे. तू जमिनीवर बसून, पाठ एका फळीला आणि पाय दुसऱ्या फळीला रोवून पोळ्या लाटायचीस, आणि बोट हलली की पोळीचा नकाशा व्हायचा. "ही बघ, ही गुजरातसारखी झालीये, ही तू खा." पाण्याच्या बाबतीत मात्र आपण दोघं सुधीरलाही भारी ठरलो. तो कोचीचा, पाण्यात लोळलेला. आपण गुरुग्रामच्या टँकरवर पोसलेले. एका मगात भांडी विसळायची कला त्याने आपल्याकडून घेतली. आंघोळ समुद्राच्या पाण्याने, दोरीला बादली बांधून ओढून काढलेल्या, आणि शेवटचा एक मग गोड्या पाण्याचा. तो शेवटचा मग तू डोक्यावर ओतायचीस तेव्हा चेहऱ्यावर जो आनंद असायचा तो मी कुठल्या साडीने, कुठल्या दागिन्याने तुला कधी देऊ शकलो नाही.

कुणी सांगत नाही, पण समुद्र बघून बघून कंटाळा येतो. त्याच लाटा, तेच निळं, काल जिथे होतो तिथेच आहोत असं वाटणारं. कपडे वाळले तरी ओलसर, उशी ओलसर, वर्तमानपत्र नाही, बातमी नाही. मी डेकवर बसून मिनिस्ट्रीतल्या कुणाचं प्रमोशन झालं असेल याचा विचार करायचो. तुला कंटाळा माहीतच नव्हता. सकाळी उठल्यावर पहिलं काम, सगळ्या दोऱ्यांवरून हात फिरवत जायचं. कुठे घासली आहे, कुठला आकडा ढिला झालाय. मानेसरची सवय. सुधीर म्हणायचा, "ताई, माझी बोट आहे, पास होईल ती." तू म्हणायचीस, "तुझी आहे म्हणूनच बघतेय." रात्रीत एखादा उडणारा मासा डेकवर येऊन पडलेला असायचा, तो तू कुरकुरीत तळायचीस, आणि मी शाकाहारी असल्याचा देखावा करून अर्धा खायचो.

आणि तो दिवस आठवतो? विषुववृत्ताजवळ वारा अगदीच पडला होता. शीड लोंबकळत होतं, पाणी तेलासारखं. तू कमरेला दोरी बांधलीस आणि म्हणालीस, "मी पोहून येते. श्री, माझ्याकडे बघत राहा हं. नजर काढायची नाही." मी म्हटलं, बघतो. आणि बघत राहिलो. तू पाण्यात हसत होतीस, केस पसरलेले, खाली किती खोल पाणी होतं त्याचा विचारही नको. लग्नाला इतकी वर्षं झाली पण इतका वेळ सलग मी तुझ्याकडे कधी बघितलं होतं? वर आल्यावर म्हणालीस, "एकदा तरी पापणी लवली का रे?" मी म्हटलं, नाही. खरंच नव्हती लवली. तेव्हा भरवसा होता ना तुझा माझ्यावर? मग दोनच दिवसांत काय झालं?

सुधीरचे बोटीवर नियम फारसे नव्हते. मी मिनिस्ट्रीच्या थाटात ड्युटी चार्ट बनवून भिंतीला चिकटवला होता, त्यावर तो फक्त हसला. पण एक नियम त्याने पहिल्याच दिवशी दोघांना समोर बसवून सांगितला होता. मागे सुकाणूपाशी बसायची जी खोलगट जागा, कॉकपिट, तिच्यापुढे डेकवर जायचं तर दुसऱ्याला उठवायचं. झोपला असेल, आजारी असेल, भांडलेला असेल, तरी उठवायचं. कारण बोट आपोआप चालत राहते. पुढे गेलेला माणूस पाण्यात पडला तर झोपलेल्यांना ते जागं झाल्यावर कळणार, आणि लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढंही दिसत नाही. तू हा नियम मला घोकायला लावलास. तुला वाटायचं मी विसरेन. आणि माझी झोप ही अशी, कुंभकर्णाच्या घराण्यातली. माझी पाळी आली की तू जिन्यातून वाकून आधी हळू म्हणायचीस, "ऊठ रे श्री, ऊठ रे." मग जरा मोठ्याने. तीच हाक पुढे घरीही आली, रविवारच्या चहाची.

आणि त्या दुपारी नियम मोडला कुणी? मी? नाही, तू.

जेवणं झाली होती. सुधीर त्याची पाळी संपवून पडला होता, मी भांडी आवरून आडवा झालो. लांबून काळा पाऊस येताना दिसला, वारा वाढला, पुढचं शीड गुंडाळायला घेतलंस तर दोरी बोटीच्या नाकाडावर, अगदी पुढच्या टोकाला अडकली. शीड अर्धवट फडफडतंय, बोट कलायला लागलीये. अशा वेळी एक हाक मारायची. फक्त एक. दोन पुरुष जिन्याच्या खाली होते. तू कमरेच्या पट्ट्याचा आकडा डेकवरच्या दोरीला अडकवलास आणि एकटी रांगत पुढे गेलीस. दोरी सोडवलीस. एक लाट तुझ्या अंगावरून गेली, नडगी सोलली, तळहाताचं कातडं निघालं. परत आलीस, शीड गुंडाळलंस, पाऊस येऊन गेला. मला जाग आली ती आल्याच्या वासाने. तू चहा करत होतीस, सगळी चिंब, हाताला फडकं गुंडाळलेलं.

मी विचारलं, "हे काय?" तू म्हणालीस, "काही नाही, दोरी अडकली होती."

"मला का नाही उठवलंस?"

"झोपला होतास."

"मग? झोपलेल्यालाच उठवतात ना?"

"किती दिवसांनी छान झोपला होतास रे."

माझं डोकंच फिरलं. सुधीरही तुला रागावला, पण त्याचा राग चहाबरोबर संपला. माझा नाही. मी अबोला धरला. आता चाळीस फुटांच्या बोटीवर रुसून माणूस जाणार कुठे? मी पुढच्या टोकाला जाऊन बसावं तर नियमाप्रमाणे आधी कुणाला तरी सांगायला लागायचं. "सुधीर, मी रुसून पुढे चाललोय, लक्ष ठेव." संक्रांत त्यातच आली. तू घरून डबीत तिळाच्या वड्या आणल्या होत्यास. माझ्यासमोर हात धरलास आणि म्हणालीस, "घ्या, आणि आता तरी गोड बोला." मी वडी घेतली, खाल्ली, आणि बोललो नाही. सुधीर पोट धरून हसत होता. तू मात्र त्या दिवशी संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसलीस आणि म्हणालीस, "घरी गेल्यावर सांगते का नाही उठवलं ते. इथे नको. इथे तू फारच उदास दिसतोस."

घरी आलो. दिल्लीत पहिल्याच आठवड्यात तुला थालीपीठ हवं झालं, म्हणून मेट्रोने आपण कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाऊसच्या मराठी कँटीनमध्ये गेलो. जमीन अजून तुझ्या पायाखाली हलत होती, टेबल धरून चालत होतीस. मी म्हटलं, "आता सांग." तू म्हणालीस, "झोपला होतास ना." मी म्हटलं, ते उत्तर नाही. "मग तुला काय ऐकायचंय?" मी सरळ विचारलं, "तुझा माझ्यावर भरवसा आहे की नाही? मी उठून काही उपयोगाचा असतो की नसतो?" तू थालीपिठाचा तुकडा मोडलास आणि म्हणालीस, "लोणी संपलं बघ. मागव ना अजून."

त्यानंतर किती वेळा विचारलं असेन! तू म्हणायचीस, "अच्छा, पुन्हा तेच? तुमच्या मिनिस्ट्रीत फाईल बंद होतच नाही का कधी?" नाही व्हायची, कारण प्रश्न त्या दोरीचा नव्हताच, मंजू. तू आयुष्यभर हेच केलंस. तुझ्या छातीत गाठ आली होती तेव्हा तपासणीला एकटी गेलीस, एकटी बसलीस, आणि रिपोर्ट चांगला आल्यावर मला सांगितलंस. म्हणालीस, "तुझी बजेटची मीटिंग होती ना." मीटिंग! मला काय वाटलं असेल याचा विचार? तुझे बाबा गेले तेव्हा निम्मं आवरून झाल्यावर मला ऑफिसात फोन. सगळीकडे तूच रांगत पुढे जायचीस आणि मी आत झोपलेला. लोकांना वाटायचं, काय नशीबवान माणूस, बायको किती जपते. मला वाटायचं, ही मला मोजतच नाही. नवरा म्हणजे घरातलं एक जपायचं सामान, त्याला धक्का लागू द्यायचा नाही आणि त्याच्यावर भारही टाकायचा नाही. एकदा, फक्त एकदा तुझ्या तोंडून ऐकायचं होतं की श्री, मला तू हवा होतास.

आणि तरी सांगतो, उपकार आहेत तुझे. मी जो थोडाफार माणूस झालो तो तुझ्यामुळे. तुझ्याशिवाय मी सेशेल्स नकाशावरही शोधलं नसतं. किनारा दिसला तेव्हा सुधीर शिट्ट्या मारत होता, आणि तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "बघ, आलास ना." आलो ना नाही, आलास ना. ते मी कुणाला सांगितलं नाही. आता कुणाला सांगू?

सई राहायला ये म्हणत होती, मी नको म्हटलं. ती गेल्यावर घरात मी आणि ते मटार. फ्रीजरमध्ये टाकले आहेत, तू सोललेस तेवढे. न सोललेले तसेच पिशवीत वाळून गेले, सई म्हणाली टाकून देऊ, मी टाकू दिले नाहीत. रोज बाल्कनीत जाऊन तुला विचारायचो, झाकण ठेवायला सुचलं आणि मला हाक मारायला नाही सुचलं? शेजारच्या मिसेस भाटियांची बाल्कनी आपल्याला लागून, मधे फक्त भिंत. त्यांनी माझं हे बोलणं ऐकलं असणार. त्या मला टाळतात हे माझ्या लक्षात आलं होतं. मी लिफ्टपाशी उभा दिसलो की काहीतरी विसरल्यासारखं करून परत घरात जायच्या. पहिले काही दिवस जेवण पाठवलं, पण मोलकरणीच्या हातून. तुझी एवढी मैत्रीण, पण त्या दिवसानंतर एकदाही घरात आल्या नाहीत. मला वाटलं, बायकांना अशा घरात यायला भीती वाटत असेल.

काल संध्याकाळी बेल वाजली. मिसेस भाटिया. आत या म्हटलं तर आल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या.

"भाईसाब, एक बात थी. रोज़ सोचती हूँ बोलूँ, फिर हिम्मत नहीं होती."

मी म्हटलं, "बोलिए ना."

"उस दिन मैं भी बाहर थी, बाल सुखा रही थी. दीदी ने आवाज़ दी थी."

"किसको?"

"आपको, भाईसाब. 'ऊठ रे श्री, ऊठ रे.' दो बार बोला. फिर थोड़ा रुक के एक बार और, धीरे से. हर संडे चाय के टाइम पे बोलती थीं ना, मैंने सोचा वही है. मैं तो हँस रही थी अपने में, कि भाईसाब इतनी जल्दी कहाँ उठने वाले." आणि त्या रडायला लागल्या. "मैं ज़रा सा झाँक लेती भाईसाब. दीवार ही तो है बीच में. झाँक लेती."

मी त्यांना म्हटलं, "आपको कैसे पता होता, भाभीजी." आत आणून बसवलं, पाणी दिलं.  त्यांना दारापर्यंत सोडलं. त्या म्हणाल्या, "आप नाराज़ तो नहीं हैं ना?" मी म्हटलं, "बिल्कुल नहीं." दार लावलं आणि तिथेच, चपला काढतो त्या जागी, खाली बसलो.

खरं सांगू? पहिल्यांदा मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण आनंदच झाला. तू मला हाक मारलीस! एकटी पुढे गेली नाहीस. झोपू दे बिचाऱ्याला, म्हटलं नाहीस. आयुष्यात एकदा तुला मी लागलो आणि तू ते तोंडाने म्हणालीस, नुसतं एकदा नाही, थांबून पुन्हा. मी वेड्यासारखा भिंतीला टेकून हसत होतो. आणि हसता हसता ते काचेचं दार डोळ्यांसमोर आलं, जे मीच सरकवून घेतलं होतं, आणि तो ब्लोअरचा आवाज, आणि डोक्यावरून घेतलेली रजई. मग जे रडू आलं, मंजू, ते इतके दिवस कुठे होतं कोण जाणे. शेजारी ऐकू गेलं असेल. जाऊ दे.

सईचा फोन आला. "बाबा, आवाज असा का येतोय?" मी म्हटलं, सर्दी झालीये. तिला यातलं काही सांगणार नाही. तिच्याजवळ डॉक्टरांचं वाक्य आहे, आईला कळलंच नाही हे. ते तिच्यापाशी राहू दे. हे तुझं माझं आहे.

इतकी वर्षं तुझ्याकडे एकच उत्तर मागत होतो. मिळालं. तुझा माझ्यावर भरवसा होता, तू मला उठवत होतीस.

मीच उठलो नाही गं.